बंद झालेला बग, सुटलेला बग

आधी हिशेब मांडते. बंद झालेल्या ४१२ बगांपैकी मी माझ्या हातानं बंद केले ते ८३. उरलेले ३२९ बॉटनं केले, आणि बॉट मी लावलेला नव्हता. तरी रिलीजनंतर नाव निघालं ते माझंच.

प्रकल्पाचं नाव घेत नाही. मजकूर लिहायचं एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, एवढं पुरे. मला कोड जेमतेम येतो. आवराआवरीची मात्र हौस. इश्यूंचा ढीग पाहिला आणि मेंटेनरना म्हटलं, मी लावून देते. ते म्हणाले, "लावा की, पूर्ण मोकळीक." लेखी काहीच नाही. मीही मागितलं नाही.

पाच महिने रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर बसायचे. लेबलं लावायची, "चालत नाही" एवढंच लिहिणाऱ्यांना व्हर्जन विचारायचं, स्क्रीनशॉट मागायचे. उघड्या बगांचा आकडा उतरायला लागला की नशा चढते. मला ती चढली.

ढिगात 'ऱ्य'च्या अकरा तक्रारी होत्या. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर. मी सर्वांत जुनी ठेवली आणि बाकीच्या दहा 'डुप्लिकेट' म्हणून एका बैठकीत बंद केल्या. त्यांतली एक सांगलीकडच्या एका शिक्षकांची होती. 'वाऱ्यावर' हा शब्द समोर धड्यात दिसतोय, पण शोधला तर सापडत नाही, असं त्यांनी पायरी-पायरीनं मांडलं होतं. मला त्यात फक्त 'ऱ्य' दिसला.

पुढं मी भावाच्या लग्नासाठी आठ-दहा दिवस गावी गेले. त्याच्या थोडं आधी मेंटेनरनी कुणाला न सांगता बॉट चालू केला होता. मांडणी आयती: ६० दिवस कुणी बोललं नाही की 'स्टेल', आणखी ७ दिवसांनी बंद. परत येऊन पाहते तर 'ऱ्य'चा मूळ बगही बंद. दहा तक्रारी ज्या खुंटीला टांगल्या होत्या, ती खुंटीच उपटलेली.

रिलीज झालं आणि शिक्षकांनी पुन्हा लिहिलं. चिडून नाही, तेच जास्त लागलं. "मॅडम, माझी तक्रार अक्षर दिसण्याची नव्हती, शोधण्याची होती. आपण वाचली होती का?"

त्या रात्री अकराच्या अकरा तक्रारी ओळीनं वाचल्या. रोग तीन होते. युनिकोडमध्ये 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्तावाल्या 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. म्हणून शोध फसत होता. काही जणांच्या फॉन्टमध्येच अक्षर मोडत होतं. आणि काहींच्या फायलीत सेव्ह करताना ते न दिसणारं चिन्ह गळून पडत होतं, की झाला 'दऱ्या'चा 'दर्या'. मी तिघांना एकाच खाटेवर निजवलं होतं.

ही चूक माझी, ती मी तिथंच सर्वांसमोर कबूल केली. मेंटेनरनी त्याखाली लिहिलं, "वर्गीकरण त्या बघत होत्या." आणि ते ३२९? तसं विचारलं, तर उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह आलं.

तर, हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

लक्षण सारखं म्हणजे कारण सारखं नव्हे. डुप्लिकेट म्हणण्याआधी दोन्ही रिपोर्टांतल्या पायऱ्या स्वतः करून बघा. एकाच दुरुस्तीनं दोन्ही बरे होतील असं छातीठोक सांगता येत नसेल, तर नुसते एकमेकांना जोडा आणि उघडे ठेवा. बंद करायचाच झाला, तर त्यातली नवी माहिती आधी मूळ बगात उतरवा.

मजकुराच्या बगाला स्क्रीनशॉटवर भागवू नका. मूळ फाईल मागा. न दिसणारं चिन्ह फोटोत कुठून दिसणार? मी पाच महिने फोटोच मागत होते. शिवाय कोणत्या व्हर्जनपर्यंत नीट चालत होतं, हे जरूर विचारा. तेवढं कळलं की गिट बायसेक्टनं हजार बदलांतला नेमका बदल दहाएक तपासण्यांत हाती लागतो.

बॉट लावायचाच तर माहिती मागूनही उत्तर न आलेल्या रिपोर्टांपुरता. तपासून खरा ठरलेला बग लेबल लावून त्यातून वगळता येतो, तेवढी सोय त्यात असते. कुणी बोललं नाही म्हणून बग बरा होत नाही.

तीव्रता आणि प्राधान्य वेगळं ठेवा. १९९८ साली आलेल्या बगझिला या बग नोंदवायच्या साधनातही या दोन रकान्यांची फारकत आहे. त्रास किती, हे तक्रार करणारा सांगतो. हात कधी लावायचा, हे प्रकल्प ठरवतो. बगझिलातच 'वर्क्सफॉरमी' नावाचा एक निकालही आहे: माझ्याकडं तर चालतंय! तो शेरा मारण्याआधी समोरच्याचं व्हर्जन तरी वापरून बघा.

बाकी नेहमीचं: नम्र राहा, सुरक्षेची त्रुटी चारचौघांत उघड करू नका. आणि बंद करायचा अधिकार कुणाचा, बॉट कुणाच्या संमतीनं लागणार, हे पहिल्या दिवशी लेखी घ्या. 'पूर्ण मोकळीक' हा शब्द निस्तरायच्या वेळी आपल्या एकट्याच्या वाट्याला येतो.

त्या अकरा तक्रारींचे मी तीन बग केले. दोन सुटले. शोधाचा अजून सुटलेला नाही. पण उघडा आहे, आणि त्यावर बॉट चालत नाही.