विसरून जा, असं मी म्हणणार नाही

घरातले सगळे तुला एकच सांगतात, "झालं गेलं विसरून जा." मी तसं म्हणणार नाही गं. विसरणं कुणाच्या हातात नसतं, आणि ते जमत नाही म्हणून तू स्वतःला कमजोर समजायला लागली आहेस, ते मला बघवत नाही.

हायवेवरच्या त्या अपघाताला वर्ष होत आलं. हाड जुळलं, टाके सुकले. पण चौफुलीवर केळीच्या ट्रकचा हॉर्न वाजला की तुझे हात गार पडतात. भुसावळला जायचं निघालं की तुझं काहीतरी निमित्त तयार असतं. रात्री दचकून उठतेस ती वेगळीच. हे फक्त तुझंच होतं असं नाही. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ परधाड्याला, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. माणसं जिवाच्या भीतीनं खाली उतरली आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. किमान १२ जण गेले. असल्या प्रसंगातून वाचलेल्या काहींना पुढे कितीतरी महिने नेमकं तुझ्यासारखंच होतं. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. हा आजार आहे, आणि त्याला उपचार आहे.

आता मला जे सांगायचंय ते नीट ऐक. आठवण एकदा मनात बसली की कायमची तशीच राहते, असं शास्त्रज्ञही बरीच वर्षं मानत होते. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादर आणि जोसेफ लदू यांच्या गटानं उंदरांवर एक प्रयोग केला. एक आवाज वाजला की हलका झटका बसतो, हे उंदीर शिकले आणि नुसत्या आवाजानंही थिजायला लागले. मग तो आवाज ऐकवून त्यांना झटक्याची आठवण करून दिली, आणि लगेच मेंदूतल्या भीतीच्या केंद्रात, अमिग्डालात, नवी प्रथिनं बनू न देणारं औषध टाकलं. नंतर आवाज झाला तरी ते उंदीर पूर्वीसारखे घाबरेनात. ज्यांना आठवण करून न देताच औषध दिलं, त्यांची भीती मात्र जशीच्या तशी राहिली. म्हणजे आठवण जागी होते तेव्हा थोडा वेळ ती नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी ओली असते. तेवढ्यात जे उमटेल ते वाळल्यावर राहतं.

माणसांवरही हे करून पाहिलंय. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला मेरेल किंट यांनी लोकांना आधी प्रोप्रानोलोल ही रक्तदाबावरची जुनी गोळी दिली आणि मग झटके देऊन शिकवलेल्या भीतीची आठवण जागी केली. दुसऱ्या दिवशी त्या लोकांना झटका कधी बसत होता हे पक्कं आठवत होतं, पण अंग दचकत नव्हतं. हे मला फार मोलाचं वाटतं. घडलेलं पुसलं गेलं नाही, त्याचा डंख तेवढा गेला. कॅनडात आलें ब्रुने यांनी पीटीएसडीच्या ६० रुग्णांवर हाच मार्ग वापरला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्यातून एकदा, असं सहा वेळा, गोळी घ्यायची आणि नंतर स्वतःच्या हातानं लिहिलेला तो प्रसंग मोठ्यानं वाचायचा. नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला.

पण मेडिकलमधून ही गोळी आणशील तर माझी शपथ आहे. दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकते, काहींची नाडी फार मंदावते. शिवाय सगळ्याच प्रयोगांत तिचा असा गुण आलेला नाही. पीटीएसडीवरचा तो अजून सर्रास वापरातला उपचार नाही; शोध चालू आहे.

आज हाताशी जे आहे तेही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित बोलण्याची थेरपी आणि ईएमडीआर यांची शिफारस केली. दोन्हींत जाणत्या माणसासमोर, सुरक्षित जागी, तुला झेपेल तेवढीच आठवण समोर आणायची असते. ईएमडीआरमध्ये त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. या उपचारांत मेंदूत नेमकं काय घडतं यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण गुण येतो.

आठवण मऊ होते, म्हणूनच ती कुणाच्या हातात द्यायची हे महत्त्वाचं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं, आणि "एकमेकींवर आदळून चुराडा झाला" तेव्हा किती होता, असं इतरांना. दुसऱ्या गटानं वेग जास्त सांगितला. आठवड्यानं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या, फिल्ममध्ये काच फुटलेलीच नसताना. तेव्हा "नीट आठव, गाडीवर दुसरं कोणी होतं का" असं खोदून विचारणाऱ्या नातेवाइकांपासून आणि "तुला बाहेरचं लागलंय" म्हणणाऱ्या भगतापासून लांब राहा. विम्याचा किंवा कोर्टाचा जबाब बाकी असेल तर तुला जे आठवतं ते आधी तारीख टाकून लिहून ठेव.

आईशी मी बोलेन. तिला सांगेन की ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा आपल्या मुक्ताईनं ती तोडली नाही. बाहेर उभं राहून प्रेमानं समजावत राहिली. तुझ्या बाबतीतही घाई करायची नाही. तू बोलशील तेव्हा ऐकायचं, गप्प असशील तर शेजारी बसायचं.

तुझ्याकडून मला एकच हवंय. या आठवड्यात १४४१६ वर फोन कर. टेली-मानसची ही सरकारी सेवा आहे. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यांना सरळ विचार, "आघातावरची थेरपी देणारं कोणी माझ्या जवळ आहे का?" जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथंही दाखवता येईल. रात्री जीव नकोसा झाला तर सकाळची वाट बघू नकोस, आधी मला उठव. आणि जळगावला हायवेनंच जावं लागेल म्हणून थांबू नकोस. मी बरोबर येते. वाटेत वाटलं तर गाडी बाजूला घेऊ, दम खाऊ, मग पुढे जाऊ. सांग, कोणत्या दिवशी निघायचं?