मोफत सेवेचा हिशेब

बंगळूर शहराच्या शिवाजीनगर भागात रसेल मार्केट ही जुनी बाजारपेठ आहे. 1927 साली बांधलेल्या या इमारतीत फळे, भाजी, मासळी यांचा व्यापार चालतो. कन्नड, तमिळ, उर्दू अशा अनेक भाषा येथे कानी पडतात. अशा बहुभाषी बाजारात सुट्या पैशांचा प्रश्न आता मोबाइल फोनही सोडवतो. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेमुळे एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात रक्कम काही क्षणांत पोचते.

अशी सेवा लोकांनी स्वीकारण्यास तिचा पडदा सोपा असावा लागतो. ठळक आकडे, ओळखीची चिन्हे आणि आपली भाषा असली, तर अल्पशिक्षित माणूसही धीराने व्यवहार करतो. ‘भीम’ या ॲपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा आहेत. पैसे देण्यापूर्वी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव दिसते. ते वाचूनच पिन द्यावा. पैसे मिळण्यासाठी पिन द्यावा लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

परंतु सोपेपणा हे नाण्याचे एकच अंग झाले. सेवा चालवणाऱ्या संस्थेलाही खर्च असतो. मग तिचे उत्पन्न कोठून येते? बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क न घेण्याचा नियम 1 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यामुळे अनेक कंपन्या जाहिराती, विमा आणि कर्ज यांतून उत्पन्न मिळवतात. भाजीचे पैसे देण्याच्या पडद्यावरच ‘त्वरित कर्ज’ असे बटण दिसते, ते यामुळेच. पैसे देणे जितके सोपे, तितकेच कर्ज काढणेही सोपे होते!

समजा, एका महिन्यासाठी 1,000 रुपये घेऊन 1,050 रुपये परत करायचे आहेत. 50 रुपये किरकोळ वाटतात. पण हा दर महिन्याला 5 टक्के, म्हणजे वर्षाला 60 टक्के होतो. म्हणूनच कर्जाचा एकूण खर्च वार्षिक टक्केवारीत आधीच सांगावा, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली डिजिटल कर्जाच्या नियमांत बंधनकारक केले. तो आकडा वाचल्याविना संमती देऊ नये.

सेवा निवडताना दोन प्रश्न विचारावेत : हा पडदा मला नीट समजतो का? आणि या सेवेची कमाई कशातून होते? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने सोय कळते. दुसऱ्याच्या उत्तराने तिची किंमत.

पाठगत प्रश्न
1. ॲपचा पडदा सोपा असण्याचा एक लाभ आणि एक धोका लिहा.
2. 2,000 रुपयांच्या कर्जावर महिन्याला 60 रुपये आकारले, तर वार्षिक दर किती?