एल्सीचा नकार आणि एल्सीचे मौन

मुलाच्या श्रद्धेने अश्रद्ध कुटुंब बदलते, हे कथानक ख्रिस्ती कथावाङ्मयात वारंवार येते. अमेरिकन लेखिका मार्था फिनली यांची ‘एल्सी डिन्समोर’ (१८६७) ही कादंबरी त्याचा ठळक नमुना आहे.

आठ वर्षांची एल्सी वडिलांची आज्ञा मोडणे पाप मानते. पण रविवारी पाहुण्यांसमोर ते तिला पियानोवर लौकिक गाणे म्हणायला सांगतात, तेव्हा ती नकार देते. शिक्षा म्हणून तासन्‌तास तिथेच बसून ती अखेर बेशुद्ध पडते. पित्याचा मान राखणे आणि पवित्र दिवस पाळणे, दोन्ही आज्ञा बायबलमधल्याच. म्हणून या पेचाला धार आहे. वडिलांचे मतपरिवर्तन मात्र पुढच्या पुस्तकात, मुलगी मरणाच्या दारी पोचल्यावरच होते. तिथे लेखिका पेच सोडून आजारपणाचा आधार घेते.

एल्सीवर श्रद्धेचे संस्कार करणारी दाई क्लोई गुलाम आहे. रविवारच्या गाण्याला नकार देणारी श्रद्धा घरातल्या गुलामगिरीबद्दल गप्प राहते. अशा कथांत मूल काय नाकारते याबरोबरच काय निमूट स्वीकारते, हेही अभ्यासकांनी तपासावे.