पुस्तकाचं माकडहाड

प्रश्न : उत्क्रांती खरी की देवाने सृष्टी घडवली, याचा निकाल अमेरिकेत कोर्टाने लावला असं वाचलं. विज्ञानातला वाद न्यायाधीश कसा काय मिटवणार? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मिटवू शकत नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. तुम्ही वाचलंत तो खटला बहुधा पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरचा, २००५ सालचा. कोर्टापुढचा प्रश्न वेगळा होता : शाळेत विज्ञान म्हणून जे पुढे केलं जातंय, ते विज्ञान आहे की धर्म? कारण तिथल्या राज्यघटनेनुसार सरकारी शाळेला धर्माचा पुरस्कार करता येत नाही.

झालं असं की, डोव्हरच्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठराव केला. त्यातून नववीच्या वर्गासाठी एक निवेदन आलं : डार्विनचा सिद्धांत ही काही वस्तुस्थिती नव्हे, त्यात त्रुटी आहेत, आणि 'इंटेलिजेंट डिझाइन'ची माहिती हवी असेल तर 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक बघा. सजीवांची रचना एवढी गुंतागुंतीची, की ती कुणा बुद्धिमान कर्त्याने आखलेली असणार, असा हा विचार. तो कर्ता कोण, हे मात्र गुलदस्त्यात. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला साफ नकार दिला, तेव्हा प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते वाचलं. अकरा पालक त्याआधीच कोर्टात गेले होते.

मंडळाच्या बाजूने जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही उभे राहिले. जिवाणूची शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम, उंदराच्या सापळ्यासारखी आहे, एक भाग काढला की सगळंच निकामी, तेव्हा ती टप्प्याटप्प्याने घडलीच नसणार, हा त्यांचा आवडता युक्तिवाद. पालकांचे साक्षीदार केनेथ मिलर यांनी सापळ्याचे काही भाग काढून उरलेल्याची टायपिन करून दाखवली. उंदीर सापडणार नाही, पण टाय जागेवर राहतो! जिवाणूंचंही तसंच : त्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांशी जुळणारी प्रथिनं काही जिवाणू विष टोचायच्या सुईसाठी वापरतात. उलटतपासणीत बीहींना आणखी एक कबुली द्यावी लागली. त्यांच्या व्याख्येप्रमाणे ज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांतात बसेल!

पण खरी गंमत त्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत होती. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतून 'सृष्टिनिर्मितीचं विज्ञान' शिकवायची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतरच्या मसुद्यात 'क्रिएशनिस्ट्स' या शब्दाच्या जागी 'डिझाइन प्रपोनंट्स' घालताना जुना शब्द नीट पुसलाच गेला नाही. पुढे त्याचं पहिलं अक्षर 'सी' राहिलं, मागे 'इस्ट्स' राहिलं, आणि 'सीडिझाइन प्रपोनंट्सिस्ट्स' असा अजब शब्द जन्माला आला. आपल्या पाठीच्या कण्याच्या टोकाला माकडहाड असतं ना, शेपूट गेली तरी उरलेलं? तसंच हे पुस्तकाचं माकडहाड.

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला. इंटेलिजेंट डिझाइनचं म्हणणं खरं असेलही, त्यावर कोर्ट काही बोलत नाही, पण ते विज्ञान नव्हे, असा त्याचा मथितार्थ. या जोन्सना नेमलं होतं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी, त्यामुळे 'डाव्यांचा न्यायाधीश' म्हणायचीही सोय उरली नाही.

हा वाद आपल्याला अगदीच परका नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, तेव्हा डार्विन चुकीचा. एक तर आजच्या माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही, दोघांचे पूर्वज एक होते असं म्हणते. आणि पाहण्याचंच म्हणाल, तर डोव्हरच्या खटल्यात कोर्टातल्या कुणीही तो शब्द बदलताना पाहिला नव्हता. उरलेल्या शेपटीवरूनच सगळं कळलं.