शाळेच्या आवारातील बकुळ

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने सास्तूर व भोवतालची गावे उद्ध्वस्त केली. त्यानंतर या भागात जी नवी गावठाणे वसली, त्यांत रस्ते रुंद व मोकळ्या जागा पुष्कळ आहेत. परंतु जुन्या झाडांची सावली गावाबरोबर उचलून आणता येत नाही. शाळेच्या आवारात अशी सावली पुन्हा निर्माण करावयाची असल्यास बकुळीचा विचार अवश्य करावा. हिरव्या अशोकाच्या रांगा लावण्याची आपल्याकडे हौस मोठी. मात्र त्याची सावली त्याच्या बुंध्यापुरतीच! बकुळ सदापर्णी असून तिचा डेरा दाट असतो. तिच्याखाली वर्ग भरविता येतो, आणि सुकल्यावरही वास न सोडणारी तिची फुले मुली आवडीने वेचतात.

बकुळ मूळची दमट वनांतील असून तिची वाढ मंद असते. जुलैत लावलेले रोप दिवाळीपर्यंत टवटवीत दिसते आणि मे महिन्याच्या सुटीत वाळून जाते. यात दोष रोपाचा नसतो. आपली काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडताना कोवळी मुळे तुटतात आणि त्याच वाटेने उरलीसुरली ओलही उडून जाते. याकरिता दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील मातीत मुरूम व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. एका शाळेत मुलांनी मोठ्या उत्साहाने ते घातले आणि रोपाला वाळवी लागली.

रोपापासून सुमारे एक फुटावर मातीचे भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे. ते पाण्याने भरून वर झाकण ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत. माती जसजशी सुकते तसतसे मडक्यातून पाणी पाझरते. वरून ओतलेल्या पाण्यासारखे ते उन्हात वाया जात नाही. आळ्यात वाळलेला पाला किंवा कडब्याची कुटी पसरावी, पण ती खोडाला टेकू देऊ नये. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच. शालेय पोषण आहाराचे तांदूळ धुतलेले पाणी मडक्यात न ओतता आळ्यात ओतावे. मडक्यात ओतल्यास त्याची छिद्रे बुजतात.

सुटीत मडके कोणी भरावयाचे, हे मार्चमध्येच ठरवावे. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्या कराव्यात व पाळीचा तक्ता पालकांना वाचून दाखवावा. जो शिक्षक परगावी जाणार असेल त्याने आपल्या जागी कोण, हे मुख्याध्यापकांस कळवावे. पहिले दोन उन्हाळे ही व्यवस्था मोडू देऊ नये.

झाड मोठे होऊन फळे नारिंगी झाली, म्हणजे मुलांना ती चाखू द्यावीत. चव तुरट-गोड, थोडी खिरणीची आठवण देणारी. ही दोन्ही झाडे चिकूच्या कुळातील आहेत, हे त्याच वेळी सांगावे. आतील चकचकीत बिया धुऊन लगेच पिशव्यांत पेराव्यात. त्या उगवावयास बरेच दिवस घेतात, म्हणून पिशव्या लवकर फेकून देऊ नयेत.