बागेतली दोन झाडं ओळखून ठेवा

लकडगंज म्हटलं की लाकडाच्या वखारी आणि आरामशिनी आठवतात. दिवसभर भुसा नाकातोंडात घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी घटकाभर बागेत बसणं ही चैन नाही, ती छातीची गरज आहे. बागेत जाच. पण नागपूरच्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला सर्रास दिसणारी दोन झाडं ओळखून ठेवा.

पहिलं झाड बिट्टीचं, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं. गुरं तिला तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं, फुलं जवळजवळ बारमाही असतात, म्हणून कुंपणाला ती हमखास लावतात. पानं अरुंद, फूल पिवळं, घंटेसारखं. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हिरवं तिकोनी फळ पिकून काळं होतं आणि आत टणक बी निघते. मोठी मुलं या बिया खेळायला घेतात, धाकटं लेकरू ती तोंडात टाकतं. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बी सगळ्यात जास्त. हे विष हृदयाच्या ठोक्यांवर जातं. श्रीलंकेतल्या डॉक्टरांना ही विषबाधा चांगली परिचयाची आहे.

आधी तोंडाची आग, उलट्या, पोटदुखी. मग चक्कर येते आणि नाडी मंद होते. कधीकधी लेकरू काही तास ठीक दिसतं आणि नंतर बिघडतं, म्हणून 'आता खेळतंय ना' म्हणून घरी थांबू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, अंगारा-धुपारा तर नकोच. 108 ला फोन करा किंवा सरळ मेयो, मेडिकल गाठा. सोबत ते फळ न्या, डॉक्टरांना लगेच उमगतं. तिथं ईसीजी काढून देखरेखीखाली ठेवतात. लवकर घरी न्यायची घाई करू नका. वंदनेसाठी ही फुलं तोडायला लहानांना पाठवू नका. चीक डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरं झाड सप्तपर्णी. एका जागी बहुधा सात पानांचा झुपका असतो. हे नाव आपल्याला नवं नाही : तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेत भरली. या झाडाच्या लाकडाच्या पाट्यांवर पूर्वी मुलं अक्षरं गिरवत, त्यावरूनच त्याच्या शास्त्रीय नावात शाळेचा शब्द आला. असं हे गुणी झाड! पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागे ते फुलायला लागतं, आणि रात्रीच्या त्या उग्र वासानं काहींचं डोकं धरतं, दमेकऱ्यांची छाती भरते. त्याच सुमारास थंडी सुरू होते, फटाक्यांचा धूरही असतो. अशांनी ते दीड-दोन महिने संध्याकाळऐवजी दिवसा बागेत जावं आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात ठेवावा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आम्ही वस्त्यावस्त्यांत ऐकतो. सवय लागत नाही. पंप टाळला तर दमा मात्र वाढतो.

पावसाळ्यात गाजरगवत माजतं. त्यानं अंगाला खाज येते, शिंका येतात. उघड्या हातानं उपटू नका. चैत्र-वैशाखात पिंपळाची कोवळी पालवी बघायला सकाळी आठच्या आत जा, नंतरचं ऊन आपल्या नागपुरात सोसवत नाही.

झोपाळ्याजवळ बिट्टी दिसली तर महानगरपालिकेच्या लकडगंज झोन कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या. झाडाची नेमकी जागा लिहा, पाचदहा आयाबापांच्या सह्या घ्या आणि पोच मागून घ्या.