नियमाच्या आधी दोन घास

कॅम्प, अमरावती
३ मे

चि. बाळ,

काल लग्नात मूर्तिजापूरची मावशी भेटली. पंगतीत माझ्या शेजारीच बसली आणि वरणभात कालवता कालवता म्हणाली, "तुहा भाचा भुईमुगाच्या प्लॉटवर चक्कर येऊन पडला म्हने. पोट्ट्यायनं उचलून हॉस्टेलवर नेला. चाळीस दिवसांचा उपास धरून राहिला, पानीबी पेत नाई." पुढे माझ्याच्यानं जेवणं झालं नाही. घरी येऊन तुझ्या आईला फोन लावला. ती आधी "काही नाही हो" म्हणाली, मग सगळं बोलली.

काऊन रे बाबू, खरं आहे का हे? मावशीला तिखटमीठ लावायची सवय आहे हे मला माहीत आहे, म्हणून निम्मं सोडून देते. उरलेलं निम्मंही मला पुरेसं आहे. अकोल्याचं ऊन, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, त्यात तू दुपारी कृषी विद्यापीठाच्या शेतावर उघड्यावर उभा, आणि पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही! माझा सारा जन्म नर्सिंगमध्ये गेला. एप्रिल-मे महिन्यात ऊन लागलेली माणसं कशी आणतात, त्यांचं अंग कसं तापलेलं असतं, कशी बरळतात, हे तुला, ज्या शिबिरातून तू हे नियम घेऊन आलास, तिथे कोणी सांगितलं नसेल. त्यातली सगळी परत घरी जात नाहीत. शुगर उतरली की देवाचं नावसुद्धा आठवत नाही माणसाला. आज काय खाल्लंस ते आधी मला कळव, आणि खोटं लिहू नकोस.

तुझं ते वेळापत्रक पाहिलं मी. तूच भावंडांच्या ग्रुपवर टाकलं होतंस ना? पहाटे साडेतीनला उठणं, एक तास प्रार्थना, एक तास शास्त्रवाचन, सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी नाही, रात्री नऊनंतर मौन. शिवाय मोबाईलवर ॲप, रोज त्यावर हिरवी टिक. अक्षर छान काढलंस, रंगही छान भरलेत. पण त्या अख्ख्या कागदावर दुसऱ्या माणसाचं नाव कुठेच नाही रे. आईचं नाही, खोलीतल्या मित्राचं नाही, मंडळीचंही नाही. आईनं नऊ वाजून गेल्यावर फोन केला तर तू कापलास आणि मेसेज टाकलास, "मौनाची वेळ." ती बिचारी, मंडळीतल्या बायकांना वाईट वाटायला नको म्हणून, तू अभ्यासात आहेस असं सांगत फिरते. देवाला वाहिलं आहे असं म्हणून आईबापाला द्यायचं ते न देणाऱ्यांना प्रभू काय बोलला, ते मार्क सातमध्ये पुन्हा वाच. तुझ्या त्या एक तासातच वाच.

तू नियम करू नयेस असं मी म्हणत नाही, आणि आत्या जुन्या वळणाची आहे असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नकोस. नियमावरच तर आपला धर्म उभा आहे. दानीएल दरबारात एवढ्या मोठ्या हुद्द्यावर असूनही दिवसातून तीनदा खिडकी उघडून गुडघे टेकायचा. प्रभू स्वतः पहाटे उठून एकांतात जायचा, आणि शब्बाथाला सभास्थानात जायचा त्याचा परिपाठच होता. मोझरीला गुरुकुंजात गेलो होतो, आठवतं? संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला दिवसभर शेतात राबलेली माणसं हातपाय धुऊन ओळीत बसली, तेव्हा तू लहान होतास, तरी तूही गप्प बसलास. तुझे बाबा तेव्हा म्हणाले होते, आपल्या मंडळीनं तुकडोजी महाराजांकडून एवढं तरी शिकावं, वेळेवर बसणं.

पण नियम कोणासाठी ते बघ ना. नर्सिंगमध्ये आमच्याबरोबर एक कॅथलिक सिस्टर होत्या. त्यांनी मला संत बेनेडिक्टच्या नियमांचं छोटं पुस्तक दिलं होतं, अजून कपाटात आहे. सहाव्या शतकातला इटलीतला माणूस. पुढे युरोपभर मठवासी त्याच नियमानं जगले, म्हणजे तुझ्या शिबिरातल्या साहेबांपेक्षा त्याला या कामाचं थोडं जास्त कळत असणार. तो उन्हाळ्यात बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारापर्यंत उपास सांगतो, आणि लगेच पुढे लिहितो की शेतात काम असेल किंवा ऊन फार असेल तर नको. शेत आणि ऊन! बाळा, तुझी दोन्ही कारणं त्या माणसानं दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. जेवणात दोन शिजवलेले पदार्थ हवेत, काम जड असेल तर वाढून द्यावं, आजाऱ्याची काळजी सगळ्यांच्या आधी घ्यावी, असंही आहे त्यात. आणि शेवटी म्हणतो, हा नवख्यांसाठी लहानसा नियम आहे. वाचून मला हसू आलं होतं. मठात राहणाऱ्यांना तो नवखे म्हणतो, आणि आपला पोट्टा महिनाभरात एलीया व्हायला निघाला.

एलीयाचं निघालंच आहे तर सांगते. १ राजे १९ उघड. जीव नकोसा होऊन तो रानात झुडपाखाली झोपला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला का? दूत आला तो निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचं भांडं घेऊन. ऊठ, खा, म्हणाला. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खाऊ घातलं. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालत होरेबला गेला. तुझे चाळीस दिवस बिना भाकरीचे कोणत्या अध्यायातले, ते मला कळव.

आणि आपल्या घरात उपास ही नवलाई नाही. तुझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात अकोल्याला मिशनच्या अनाथाश्रमात आले तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. घरचं कोणी मागे उरलं नव्हतं. म्हातारपणीसुद्धा ते ताटाखाली सांडलेले भाताचे दाणे बोटानं टिपून खायचे, आणि कोणी दारात आलं की पहिला प्रश्न, जेवलास का. त्यांची प्रार्थना मला पाठ आहे, कारण ती रोज तीच असायची, आणि भाकरीपासून सुरू व्हायची. त्या माणसाचा पणतू तू. तू उपाशीपोटी शेतात पडलास हे त्यांना कसं सांगायचं रे?

मी रागानं लिहिते आहे, मला कळतं आहे. यामागे माझंही एक दुखणं आहे. नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते तेव्हा मलाही असंच पेटायला झालं होतं. वहीत नियम, शुक्रवारी कडक उपास. एका शुक्रवारी आबा, तुझे आजोबा, गावाहून एसटीनं आले. आईनं दिलेल्या पातोड्या डब्यात होत्या, रस्सा सांडू नये म्हणून डबा मांडीवर धरून आणला होता. मी म्हणाले, आज माझा उपास आहे. ते काही बोलले नाहीत. बाहेर झाडाखाली बसून एकटे जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. त्या दिवशी मी देवाला काय दिलं, ते आजही मला सांगता येत नाही. पातोड्या मात्र आठवतात. आबा पुढच्या पावसाळ्यात गेले. हे तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही, तू मनात ठेव.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुझ्या आईकडे आहे. त्यात सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायची, आणि त्यापायी घरच्यांचे हाल. सोवळं त्यांचं, सोसायचं सगळ्यांनी. ते वाचताना आपण हसतो. पण तुझा तक्ता पाहिला आणि मला तेच आठवलं. पंडिता रमाबाईंचंही बघ. त्यांनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बायका-मुलींचा एवढा मोठा संसार सांभाळत वर्षानुवर्षं बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते काम चालूच होतं. ते रोज थोडं थोडं झालं, आणि मुलींच्या गलक्यात झालं. बाईंना कोणी मौनाची वेळ दिली नव्हती.

तू शेतीचं शिकतोस, तुला मी काय सांगू? महिन्याचं पाणी एका दिवसात सोडलं तर पीक पिवळं पडतं. तसंच हे. माझं ऐकशील तर असं कर. पहाटे साडेपाचला ऊठ, मोबाईल हातात घ्यायच्या आधी एक स्तोत्र वाच, मोठ्यानं, तुझ्या मित्राची झोप मोडणार नाही एवढ्या मोठ्यानं. प्रार्थनेत रोज एका माणसाचं नाव घे. न्याहारी कर. उपास हवाच असेल तर थंडीत, कापूस वेचणीच्या दिवसांत, आठवड्यातून एका वेळेचा, पाणी पिऊन. त्या वेळच्या मेसच्या पैशांतून कोणाला तरी जेवू घाल, आणि जमलं तर त्याच्याबरोबर बस. यशया ५८ मध्ये देव हाच उपास मागतो. रविवारी मंडळीत जा. उपदेश कंटाळवाणा असतो हे मला मान्य आहे. मग सतरंज्या उचलायला थांब, म्हाताऱ्यांशी बोल, प्रभुभोजन चुकवू नकोस. रात्री आईला फोन कर, तीच तुझी संध्याकाळची प्रार्थना समज. एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही, ताप आला, परीक्षा आली, तर झोप. देव रागावत नाही. तो आत्यापेक्षा बरा आहे. आणि ते ॲप काढून टाक, किंवा नको, राहू दे, पण त्यात एक रकाना जेवणाचाही घाल.

हे सगळं नाही पाळलंस तरी चालेल. खरं सांगते. तुझ्या वयात देवासाठी काहीतरी करावंसं वाटणं हेच मोठं आहे. आमच्या मंडळीतली किती पोरं रविवारी क्रिकेटच्या मैदानावर असतात. तू लहानपणी ख्रिसमसच्या नाटकात मेंढपाळ झाला होतास आणि गव्हाणीपाशी खरोखर रडला होतास. तुझं मन तेव्हापासून तसंच आहे, म्हणून तर जास्त भीती वाटते.

शनिवारी मी बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं अकोल्याला येते आहे. तुझ्या आईला सांगू नकोस, तीही निघेल आणि दोघी मिळून तुला रडवू. पिशवीत कैऱ्या आहेत, पन्ह्यासाठी, जवारीच्या भाकरी आहेत आणि झुणका. पातोड्यांचा रस्सा प्रवासात टिकत नाही, त्या हॉस्टेलवर करता येतील का ते तुझ्या मेसवाल्याला विचारून ठेव. स्टेशनवर ये. तेव्हा तुझ्या मौनाची वेळ असली तर बोलू नकोस, पिशवी तेवढी धर.

तुझी,
आत्या